विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेसाठी छोटं सीएनसी कोणतं? आणि टूलपाथ कशात करावा?

प्रयोगवही

नमस्कार मंडळी. आमच्या कार्यशाळेत १४ ते १९ वयाची मुलंमुली येतात, एका तुकडीत २० जण. करवत, कानस, ड्रिल मशीन त्यांना नीट हाताळता येतं. थ्रीडी प्रिंटर तर ती न विचारताच चालवतात. आता छोटं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने कटर फिरवून कापणारं मशीन, घ्यायचं ठरलं आहे. काम मुख्यतः प्लायवूड, एमडीएफ आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये. जमलं तर पुढे पातळ अ‍ॅल्युमिनियम आणि सर्किट बोर्ड.

बजेटमध्ये एक मध्यम आकाराचं बऱ्यापैकी भक्कम मशीन बसतं, किंवा ३०१८ प्रकारची लहान तीन. टूलपाथ, म्हणजे कटरने जायची वाट, आखायच्या सॉफ्टवेअरचा तर नुसता गोंधळ आहे. लॅपटॉप सगळे वेगवेगळे, बरेच जुने, काही क्रोमबुक.

एक गोष्ट मात्र पक्की आहे. बटण दाबलं आणि वस्तू हातात आली, एवढ्यावर मला थांबायचं नाही. कटर इथूनच का गेला, इतकाच खोल का गेला, हे प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. ज्यांनी मुलांसोबत हे काम केलं आहे त्यांनी जरा सविस्तर लिहावं, ही विनंती.

लेथवाला

ताई, मशीनचं नाव ठरवण्याआधी रांगेचा हिशोब करा. तो कोणी करत नाही आणि मग महागडं मशीन आणूनही मुलं भिंतीला टेकून उभी राहतात.

साधं उदाहरण घेऊ. १०० मिमी बाय १०० मिमीची पाटी, ६ मिमी प्लाय, मधे ८० बाय ८० मिमीचा २ मिमी खोल पॉकेट (खोलगट खाच). कटर ३.१७५ मिमीचा, फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) ५०० मिमी प्रति मिनिट, एका फेरीत खोली १ मिमी. बाहेरचा काप म्हणजे सुमारे ४०० मिमीची फेरी, तशा सहा. झाली पाच मिनिटं. आता पॉकेट पाहा. स्टेपओव्हर (शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर) व्यासाच्या ४० टक्के धरला तर १.२७ मिमी. ६४०० चौरस मिमी भागिले १.२७, म्हणजे एका थरात कटर पाच मीटरच्या वर चालणार. दोन थर म्हणजे दहा मीटर, ५०० च्या फीडला २० मिनिटं. एका पाटीला २५ मिनिटं, २० मुलांना ५०० मिनिटं, आणि यात जॉब (कापायचा तुकडा) बांधणं, शून्य लावणं (मोजणी कुठून सुरू ते मशीनला दाखवणं) धरलेलंच नाही. एकाच मशीनवर आठ तासांच्या वर गेलं.

यावर उपाय दोन. मशीनं वाढवा किंवा काम बदला. पॉकेटऐवजी व्ही-बिटने (टोकदार कटरने) अक्षरं कोरली तर तीच पाटी बऱ्याच कमी वेळात सुटते. पहिल्या सत्राला पॉकेट देऊच नका.

माझं मत लहान मशीनं जास्त घ्यावीत याकडे झुकतं. ३०१८ चा बेड ३०० बाय १८० मिमी, झेडची (वर-खाली) हालचाल साधारण ४५ मिमी. शिकायला एवढं पुष्कळ. कटर मोडला तर तो ३.१७५ मिमीचा असतो, आणि मशीनमध्ये एवढा जोर नसतो की जॉब उपटून भिरकावला जाईल. तरी चष्मा डोळ्यांवर हवाच.

अक्षरशिल्प

काका, हिशोब चोख आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही.

मी पाट्या कोरण्याचं काम करतो आणि सुट्ट्यांमध्ये मुलांना शिकवतो. ३०१८ ची अडचण तिच्या लवचीकपणात आहे. गोल रॉड, लहान मोटर, वर प्लास्टिकचे भाग. कटरला बाजूने जोर आला की स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) वाकतं. ५० मिमीचा चौकोन कापायला सांगा आणि व्हर्निअर लावा, चारही बाजू वेगवेगळ्या भरतात. मग मुलगा विचारतो, माझं ड्रॉइंग चुकलं की टूलपाथ? खरं उत्तर असतं, मशीन वाकलं. नवशिक्याला या तीन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. तो सगळा दोष स्वतःकडे घेतो आणि बाजूला होतो. हे मी जवळून पाहिलं आहे म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

भक्कम मशीनवर मुलांना योग्य चिप कशी दिसते ते बघता येतं. मऊ लाकडातून भुग्याऐवजी छोटे छोटे पापुद्रे निघायला लागतात, आवाज एकसारखा होतो, कडेवर जळाल्याचा डाग राहत नाही. हे एकदा कानाला आणि डोळ्याला कळलं की पुढे कुठलंही मशीन चालवता येतं.

आणि निवडताना बेडच्या आकारावर जाऊ नका. लोक मोठ्या बेडला भुलतात. गॅन्ट्री (कटर पेलणारा आडवा पूल) जितकी लांब तितकी ती मधोमध जास्त लवते. त्याच पैशात लहान बेडचं जाड मशीन मिळत असेल तर ते घ्यावं. अक्ष कशावर चालतात ते विचारा. पट्टा वेगवान असतो पण ताणला जातो, त्याचा ताण अधूनमधून तपासावा लागतो. लीड स्क्रू (आट्यांचा दांडा) हळू पण ठाम. बॉल स्क्रूत (आट्यांत गोळ्या असलेल्या दांड्यात) खेळ, म्हणजे ढिलेपणा, सगळ्यात कमी. शेपोको हे मशीन सुरुवातीला पट्ट्यांवर होतं, त्याच्या ५ प्रो मध्ये बॉल स्क्रू आले. लाँगमिल लीड स्क्रूवर चालतं. दोन्ही कंपन्यांचे कंट्रोलर जीआरबीएलच्या (फाईलमधले हुकूम वाचून मशीन हलवणाऱ्या प्रोग्रामच्या) कुळातले, त्यामुळे मुलांना एकदा शिकलेलं परत शिकावं लागत नाही.

लेथवाला

अक्षरशिल्प, मुद्दा मान्य. मोजमापाची शिस्त लावायची तर एक तरी भक्कम मशीन हवं. पण त्या एका मशीनवर २० मुलांपैकी किती जण स्वतःच्या हाताने शून्य लावतील? फाईल पाठवायची शिक्षकाने आणि मुलांनी काचेतून बघायचं, असंच होतं. ताईंना नेमकं तेच नको आहे.

म्हणून मधला मार्ग सुचवतो. दोन लहान, आणि एक मध्यम भक्कम, ते नंतर आलं तरी चालेल. लहानांवर पूर्ण साखळी प्रत्येकाने स्वतः करायची: ड्रॉइंग, टूलपाथ, सिम्युलेशन, जॉब बांधणं, शून्य लावणं, चालवणं, मोजणं. मशीन वाकतं हेही शिकवण्यासारखंच आहे. चौकोन आधी एका फेरीत पूर्ण मापाला कापायचा आणि मोजायचा. मग दुसऱ्या तुकड्यावर ०.३ मिमी राखून कापायचा आणि शेवटच्या फेरीत तेवढंच काढायचं. फरक व्हर्निअरवर दिसतो. फिनिशिंग पास कशासाठी असतो हे फळ्यावर सांगून कळत नाही, असं केलं की लगेच कळतं.

निरीक्षक

वाचतोय. फीड आणि स्पीड मुलांना कसं समजावता? इंटरनेटवरच्या तक्त्यांत एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

अक्षरशिल्प

तक्ता बाजूला ठेवा. एकच सूत्र फळ्यावर लिहा: फीड = फेरे प्रति मिनिट × कटरचे दात × एका दाताने काढायची चिप.

३०१८ ची मोटर १०,००० फेऱ्यांवर धरू. एक दाताचा कटर, दर दाताला ०.०५ मिमी. फीड आला ५०० मिमी प्रति मिनिट. आता त्याच ५०० वर चार दातांचा कटर लावला तर दर दाताच्या वाट्याला ०.०१२५ मिमी येतं. एवढ्या पातळ थरात धार शिरत नाही, ती नुसती घासते. घासलं की उष्णता, उष्णता आली की लाकूड काळं पडतं, अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि कटर बोथट होतो.

इथे प्रत्येक तुकडीत एक गोष्ट हमखास दिसते. जळका वास आला की मुलं फीड कमी करतात. हळू चाललं की सुरक्षित, असं त्यांना मनापासून वाटतं. चिप आणखी पातळ होते आणि वास वाढतो. वास आला तर फेरे कमी करा किंवा फीड वाढवा किंवा दात कमी असलेला कटर लावा. फीड वाढवल्यावर मशीन थरथरायला लागलं तर खोली कमी करा. ट्रिम राउटर (लाकूडकामाचं हातात धरायचं यंत्र) लावलेल्या मशीनवर फेरे फार खाली आणता येत नाहीत. उदाहरणार्थ मकिताचा आरटी०७०१ १०,००० ते ३०,००० मध्येच फिरतो. म्हणून त्यावर एक-दोन दातांचेच कटर वापरा. १८,००० फेरे, दोन दात, ०.०५ चिप, म्हणजे १८०० मिमी प्रति मिनिट. हा आकडा ३०१८ ला झेपत नाही, मध्यम मशीनला झेपतो. भक्कम मशीनचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

अ‍ॅक्रिलिक आणताना कास्ट प्रकारचं आणा. एक्स्ट्रूडेड लवकर मऊ होतं आणि कटरवर गोळा होऊन बसतं. एक दाताचा, गुळगुळीत खोबणीचा कटर त्याला उत्तम.

स्वल्पविराम

सॉफ्टवेअरबद्दल मी लिहितो, कारण मुलांना टूलपाथ शिकवणं हेच माझं काम आहे. आणि माझ्या मते निवड इथूनच सुरू व्हायला हवी. मशीन बदलता येतं. मुलांना लागलेली सवय बदलायला वेळ लागतो.

पहिली चाळणी तुमच्या लॅपटॉपची. क्रोमबुक आहेत म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं काहीतरी लागेलच. तिथे किरी:मोटो माझी पहिली पसंती. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि टूलपाथची आकडेमोड त्या त्या लॅपटॉपवर, ब्राउझरमध्येच होते. रफिंग (नको तो माल भराभर काढणं), कंटूर (कडेने कापणं), ड्रिलिंग असे एकेक टप्पे मुलांना स्वतः रचावे लागतात. तेच आपल्याला हवं आहे. मुलांना थ्रीडी प्रिंटिंग येतं म्हणता, तर स्लाइसिंगही (प्रिंटसाठी मॉडेलचे थर पाडणं) याच पडद्यावर होतं, त्यामुळे बिचकत नाहीत.

ईझल त्याहून सोपं. आकार ओढा, खोली निवडा, कापा. पहिल्या तासाला मुलांचे चेहरे खुलतात. पण खाते लागतं, इंटरनेट लागतं, बऱ्याच सोयी पैसे भरल्यावरच मिळतात. आणि ते इतकं काही स्वतः ठरवतं की टूलपाथचे निर्णय मुलांपुढे येतच नाहीत. ओळख करून द्यायला ठीक. वर्षभर त्यावर थांबू नये.

फ्यूजन ताकदीचं आहे यात वाद नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह क्लिअरिंग या टूलपाथच्या पद्धतीत कटरवरचा भार एकसारखा राहतो, आणि लहान मशीनला त्याचाच फायदा जास्त. शिक्षणासाठीचा परवाना पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना मोफत मिळतो, दर वर्षी नवा करावा लागतो. घरगुती वापराचा मोफत परवाना वेगळा, हे लक्षात ठेवा. २०२० पासून त्यात रॅपिड हालचाली (न कापता झटकन सरकणं) कापण्याच्या फीडनेच होतात, एका फाईलमध्ये टूल बदलता येत नाही. तुमची संस्था शैक्षणिक परवान्यात बसते की नाही, हे आधी पाहा आणि मगच अभ्यासक्रम त्यावर उभा करा. जुन्या लॅपटॉपवर ते चालणार नाही.

मुक्तस्रोत

फ्रीकॅड विसरलात!

स्वल्पविराम

विसरलो नाही, त्यावरच येत होतो. फ्रीकॅड १.० नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. टूलपाथचा विभाग, म्हणजे पूर्वीच्या पाथ वर्कबेंचचं नाव त्यात सीएएम झालं. खातं नाही, परवाना संपत नाही, इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि मुलं घरी कुठल्याही संगणकावर तेच वापरू शकतात. शिक्षक म्हणून मला ही बाजू फार जड वाटते. पण पहिले काही तास कठीण जातात. जॉब, टूल कंट्रोलर, ऑपरेशन ही उतरंड समजेपर्यंत मुलं अडखळतात. वरच्या वयाच्या मुलांना, ज्यांना यात पुढे जायचं आहे, त्यांना मी हेच देतो.

व्हीकार्व्ह पाट्या आणि कोरीव कामासाठी छान, पण विकतचं आणि विंडोजपुरतं. एस्टलकॅम हलकं आहे, जुन्या विंडोज लॅपटॉपवरही पळतं, ड्रॉइंगच्या रेषेवर थेट टूलपाथ लावता येतो. तुमच्याकडे जुने लॅपटॉप असतील तर ते एकदा पाहाच.

चित्रं काढायला इंकस्केप पुरे. फक्त एक सापळा सांगून ठेवतो. इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, एका इंचात ९६ पिक्सेल धरतात. त्याआधी ९० धरत. जुनी एसव्हीजी फाईल उघडली की १०० मिमीची पाटी ९३.७५ मिमीची होऊन बसते. मुलांना सवय लावा: फाईल टूलपाथच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली की आधी एक माप तपासायचं, मग पुढचं.

प्रयोगवही

स्वल्पविराम, फार उपयोगी. म्हणजे सुरुवात किरी:मोटोने, मोठ्या मुलांना फ्रीकॅड, असं घेतलं तर? आणि मशीनला फाईल पाठवायला काय?

स्वल्पविराम

हो, अगदी तसंच करा. पाठवायला युनिव्हर्सल जीकोड सेंडर किंवा कँडल. जीसेंडर पण चांगलं आहे, पडदा मोठा आणि स्वच्छ. कुठलंही एकच निवडा आणि सगळ्या मशीनांवर तेच ठेवा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट: पोस्ट प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचं मशीनच्या हुकुमांत (जी-कोडमध्ये) रूपांतर करणारा भाग. टूलपाथ बरोबर, सिम्युलेशन बरोबर, आणि मशीनवर पाठवलं की "एरर २०". मुलं गांगरतात. एरर २० चा अर्थ एवढाच की फाईलमध्ये असा जी-कोड आहे जो जीआरबीएलला समजत नाही. मोठ्या कारखानी मशीनसाठीचा पोस्ट निवडला गेला की फाईलमध्ये टूल बदलायचा एम६ येतो, टूलच्या लांबीचा जी४३ येतो, ड्रिलिंगचा जी८१ येतो. जीआरबीएल १.१ यांपैकी एकही घेत नाही. पोस्टच्या यादीत जीआरबीएल निवडा, संपलं.

पण ही चूक टाळायची घाई करू नका. माझ्या वर्गात मी मुलांना एक फाईल मुद्दाम चुकीच्या पोस्टने काढून देतो आणि नुसत्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायला लावतो. जी२१ म्हणजे मिलिमीटर, जी२० म्हणजे इंच. जी९० म्हणजे शून्यापासूनचं अंतर, जी९१ म्हणजे आहे तिथून पुढचं. जी० झटकन सरकणं, जी१ कापत जाणं, एफ म्हणजे फीड, एम३ स्पिंडल सुरू, एम५ बंद. पहिल्या वीस ओळी मोठ्याने वाचायच्या. ज्याला त्या वाचता येतात तो मुलगा मशीनला घाबरत नाही आणि त्यावर आंधळा विश्वासही ठेवत नाही. जी२१ च्या जागी जी२० असेल तर जॉब २५.४ पट होणार, हे तो सुरू करायच्या आधीच ओळखतो.

अलार्मसाठी एक कागद मशीनशेजारी चिकटवा. अलार्म १: लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाचा स्विच) लागला. अलार्म २: मशीनच्या हद्दीबाहेरचा हुकूम आला. अलार्म ९: होमिंगमध्ये (मशीन आपलं मूळ स्थान शोधताना) स्विच सापडला नाही. एरर ९: मशीन कुलूपबंद आहे, आधी कारण शोधा, मग उघडा.

कडा_आणि_काप

+१. "आधी कारण शोधा" हे ठळक करा. मुलं अलार्म आला की लगेच अनलॉक करतात आणि पुन्हा सुरू करतात. हार्ड लिमिट लागल्यावर मशीनला आपण कुठे आहोत ते नक्की माहीत राहत नाही, म्हणून पुन्हा होमिंग करायचं.

आणि यावरून: साध्या ३०१८ वर बहुतेकदा लिमिट स्विच नसतात. ते बसवून घ्या किंवा असलेलं मॉडेल घ्या. स्विच नाहीत म्हणजे होमिंग नाही, होमिंग नाही म्हणजे सॉफ्ट लिमिटही (प्रोग्राममधली हद्द) लावता येत नाही. मग चुकीचा आकडा आला की गॅन्ट्री टोकाला जाऊन थडाथड आपटते. मुलांच्या मशीनवर स्विच हवेतच.

सावधान

सुरक्षेवर अजून कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लांबण लावतो. माफ करा, पण हे सांगायलाच हवं.

इमर्जन्सी स्टॉप. तो नेमकं काय बंद करतो ते मशीन घेण्याआधी तपासा. बऱ्याच लहान मशीनांवरचं लाल बटण फक्त कंट्रोलर रीसेट करतं. स्पिंडल कंट्रोलरवरून चालत असेल तर तेही थांबतं. पण ट्रिम राउटर स्वतंत्र बोर्डावर लावलेला असेल, तर अक्ष थांबतात आणि राउटर तिथेच गरगरत राहतो. मूल घाबरून हात घालतं ते नेमकं तेव्हा. एकाच बटणाने दोन्हींची वीज गेली पाहिजे. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाकडून ते बटण चालत्या मशीनवर दाबून घ्या. ज्याने कधी दाबलेलं नाही तो ऐनवेळी दाबत नाही.

हातमोजे नकोत. फिरत्या कटरजवळ हातमोजा सुरक्षित वाटतो आणि तोच गुंडाळला जातो. केस बांधलेले, सैल बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको.

धूळ. लाकडाची धूळ जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे तिच्यामुळे कर्करोग होतो हे सिद्ध आहे. एमडीएफची धूळ तर फारच बारीक, आणि त्यात रेझिन असतं. कटरपाशी ओढणारा व्हॅक्यूम लावा, मशीनला पेटी करा. ब्रशने झटकायचं नाही, फुंकर मारायची नाही. सर्किट बोर्डमध्ये काचेचे धागे असतात, ते काम करताना मास्क आणि बंद पेटी दोन्ही.

आणि एक कळकळीची विनंती. ३०१८ सोबत पुष्कळदा निळ्या लेझरचा मॉड्यूल देतात. तो लावू नका. परावर्तित किरणानेही डोळा कायमचा जातो. उघड्या मशीनवर, २० मुलांच्या खोलीत, एका चष्म्याच्या भरवशावर ते चालवण्यासारखं नाही. लेझर हवा असेल तर पूर्ण बंद पेटीचं वेगळं मशीन घ्या.

प्रयोगवही

सावधान, लेझरचं लिहिलंत ते बरं झालं. आमच्या यादीत तो मॉड्यूल होता, काढून टाकते.

मुक्तस्रोत

स्वतः बांधायचा पर्याय कोणी मांडला नाही. एमपीसीएनसीसारखं मशीन थ्रीडी प्रिंटरवर भाग छापून आणि पाइप जोडून उभं राहतं. मोटर, ड्रायव्हर, स्टेप प्रति मिलिमीटर, सगळं मुलांच्या हाताखालून जातं. एका फेरीला २०० स्टेप घेणारी मोटर, प्रत्येक स्टेपचे १६ भाग (मायक्रोस्टेप), एका फेरीला ४ मिमी सरकणारा स्क्रू: ३२०० भागिले ४, म्हणजे ८०० स्टेप प्रति मिलिमीटर. हा आकडा मुलांनी स्वतः काढून कंट्रोलरमध्ये भरला आणि अक्ष बरोबर १०० मिमी सरकला की जो आनंद होतो तो तयार मशीन देत नाही.

लेथवाला

सुंदर प्रकल्प आहे, पण पहिलं मशीन म्हणून नको. बांधणीतच सत्र संपतं आणि टूलपाथ शिकवायचा राहून जातो. हाताशी एक चालतं मशीन असावं, मग जुन्या विद्यार्थ्यांच्या गटाला हे द्यावं.

निरीक्षक

जॉब कसा धरायचा यावर कोणी सांगेल का? आमच्याकडे क्लॅम्पवर कटर चढायची भीती असते.

कडा_आणि_काप

ही भीती रास्त आहे. सिम्युलेशनमध्ये क्लॅम्प दिसत नाही, कारण तो आपण काढलेलाच नसतो. फ्यूजनमध्ये क्लॅम्पचं मॉडेल जोडता येतं, पण एवढं मुलं करत नाहीत.

लहान पातळ जॉबला क्लॅम्पच नको. बेडवर बळीचा फळा (कटर लागला तरी चालेल असा) म्हणून एमडीएफ ठेवा आणि तो मशीननेच एकदा सपाट करून घ्या. त्यावर मास्किंग टेपची पट्टी, जॉबच्या पाठीवर तशीच पट्टी, दोन्हींच्या मधे सुपरग्लू. टेप बोटाने घट्ट दाबून बसवायची, ग्लूच्या बारीक रेघा ओढायच्या, जॉब ठेवून मिनिटभर दाबून धरायचं. पक्कं बसतं, आणि काम झाल्यावर पातळ पट्टीने उचकटलं की टेप सोलून निघते, जॉबला डाग राहत नाही. आरपार काप असेल तर टॅब (तुकड्याला धरून ठेवणारे न कापलेले जोड) ठेवा, नाहीतर शेवटच्या फेरीत सुटा तुकडा कटरमध्ये अडकून उडतो.

सुरू करण्याआधी हवेत एक फेरी: झेडचं शून्य २० मिमी वर लावून पूर्ण फाईल चालवायची. कटर क्लॅम्पच्या वरून जाताना दिसला की मुलांना आपोआप कळतं. आणि शून्य कुठे, हे पूर्ण वर्गाने एकदाच ठरवा. डावा खालचा कोपरा, जॉबची वरची बाजू. फळ्यावर कायम लिहून ठेवा. एकाने मध्य धरला आणि दुसऱ्याने कोपरा, की एकाची फाईल दुसऱ्याच्या जॉबवर चालवताना घोटाळा होतो.

स्वल्पविराम

एक छोटी भर. काम अर्ध्यावर थांबतं तेव्हा निम्म्या वेळा दोष लॅपटॉपचा असतो: स्लीप मोडमध्ये जातो. तो बंद करून ठेवा. दुसरं कारण विजेचा गोंगाट. व्हॅक्यूमच्या प्लास्टिक नळीत अ‍ॅक्रिलिकचा भुगा पळतो तेव्हा स्थिर वीज साठते आणि यूएसबीची जोडणी तुटते. नळीला अर्थिंग द्या, यूएसबीची तार आखूड आणि फेराइट असलेली घ्या, ती मोटरच्या तारांपासून लांब न्या.

कंट्रोलर निवडायची मुभा असेल तर ३२ बिटचा घ्या. मूळ जीआरबीएल २००९ मध्ये आलं, अर्डुइनो ऊनोवरच्या ८ बिट चिपसाठी. अजूनही उत्तम चालतं, पण थ्रीडी कोरीव कामात हजारो इवल्या रेषा आल्या की मशीन अडखळत चालतं, कारण पुढच्या हालचाली साठवायला जागा फार थोडी. ग्रबलहॅल आणि फ्लुइडएनसी ही त्याचीच पुढची पिढी, त्यांत हा त्रास नाही.

प्रयोगवही

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं. आत्ता लिमिट स्विच असलेली दोन लहान मशीनं, दोन्हींना बंद पेटी आणि वीज तोडणारं बटण. उरलेले पैसे मध्यम मशीनसाठी राखून ठेवते, बेड लहान पण गॅन्ट्री जाड असलेलं. पहिल्या सत्रात किरी:मोटो, वरच्या गटाला फ्रीकॅड. पहिली पाटी व्ही-बिटनेच.

शेवटचा एक प्रश्न: सर्किट बोर्ड या लहान मशीनांवर होतील का?

कडा_आणि_काप

होतील, आणि ३०१८ तिथे खरोखर शोभते, कारण जोर लागतच नाही. तांब्याचा थर साधारण ०.०३५ मिमी. सगळी कसोटी खोलीची आहे. ३० अंशांचा व्ही-बिट, टोक ०.१ मिमी. ०.१ मिमी खोल गेला तर रेघ ०.१५ मिमी रुंद होते, ०.२ खोल गेला तर ०.२१. म्हणजे बोर्ड एका कोपऱ्यात ०.१ मिमी वर असला तरी तिथले मार्ग बारीक होतात, आणि खाली असला तर तांबं कापलंच जात नाही.

म्हणून आधी उंचीचा नकाशा घ्या. बिटला एक मगरचिमटा, तांब्याला दुसरा, त्यांच्या तारा कंट्रोलरच्या प्रोबच्या (टेकल्याचं ओळखणाऱ्या) पिनांना. मशीन बोर्डवर जागोजाग टेकून उंची मोजतं, आणि कँडल किंवा बीसीएनसी त्यानुसार प्रत्येक ओळीतला झेड बदलून घेतं. टूलपाथ फ्लॅटकॅममध्ये करा. नकाशा घेतल्यावर बोर्ड हलवायचा नाही, आणि कापायला सुरुवात करण्याआधी दोन्ही चिमटे काढायचे. तेवढं मुलांकडून दरवेळी मोठ्याने म्हणवून घ्या.